आठ पुस्तकं आणि रविवारची मोजणी

ताई, रविवारी सकाळी दहाला ग्रंथालयाच्या मागच्या दालनातल्या काढायच्या पुस्तकांची मोजणी सुरू झाली. रक्कम आधीच ठरली होती. सगळं दालन मिळून एकोणीस हजार रुपये, रद्दीच्या ठेकेदारानं आगाऊ भरलेले. हजर होते कार्यवाह, ग्रंथपाल वैद्य बाई, ठेकेदार आणि त्याची दोन माणसं, आणि तुझ्या जागी मी. तू असतीस तर तासभर आधी जाऊन दारातच खुर्ची टाकली असतीस आणि एकालाही सुखानं मोजू दिलं नसतंस. मला दारात बसता येत नाही. मी कडेला उभा राहिलो.

गुरुवारी, तू गेल्यानंतरचं, तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग तुझ्या शाळेतल्या बाई बोलल्या, विहाराचे अध्यक्ष बोलले. प्रत्येकानं 'कालकथित' म्हणून सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. महापालिकेच्या शाळेत तू जन्म काढलास, कितीतरी पोरं वाचायला लावलीस, हे त्यांनी सांगितलं आणि ते खरंच आहे. मला उठवलं तेव्हा मी हात जोडले आणि बसलो. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं.

भांडण या मागच्या दालनाचंच. ग्रंथालयाला तिथं अभ्यासिका करायची आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या साठ मुलांना बसता येईल अशी, महिन्याची फी घेऊन. सभासद कमी होत चाललेत, वर्गणीतून वीजबिलसुद्धा भागत नाही, हे मी ताळेबंद वाचून तुला सांगितलं होतं. पुरावा म्हणून तो तुझ्या हातात दिला. तू तो उलटा केलास आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुस्तकांची नावं लिहायला घेतलीस.

"ताई, पुस्तकाला खुर्ची लागत नाही. पोरांना लागते."

"दे की खुर्ची. त्या खुर्चीत बसून वाचायला काय देणार? गाइडं?"

"गाइडंच. त्यानंच नोकरी लागते. मला लागली."

"लागली ना. त्यानंतर काय वाचलंस तू? पासबुक."

सुलभा स्वयंपाकघरात इतकी हसली की तिच्या हातातली पोळी करपली. तुझ्यापुढं माझी बायको कायम तुझ्या बाजूची.

पण मी हट्टानं बोलत नव्हतो. आपण पाच माणसं एका खोलीत राहायचो, तुला आठवतंय. अभ्यासाला टेबल म्हणजे ती पत्र्याची पेटी. दादा कारखान्यातून आले की पेटीवर त्यांचं ताट, ताट उचललं की ती माझी. तू सहा वर्षांनी मोठी, पेटीवर आधी तुझा हक्क. मी दहावीला आलो तेव्हा तू म्हणालीस, आता ही तुझी, मी बघते माझं. आणि तू संध्याकाळी ग्रंथालयात जायला लागलीस. तिथंही बसायला मिळायचं नाही. पुढच्या वाचनकक्षातल्या खुर्च्या पेन्शनर लोक पेपर घेऊन अडवायचे. म्हणून तू मागच्या दालनात, दोन कपाटांच्या मधल्या बोळात, उभ्यानं वाचायचीस. साडेआठला शिपाई दिवे घालवायचा तेव्हा घरी यायचीस आणि पाय दाबत बसायचीस. त्या दालनातलं पुस्तक न पुस्तक तुला माहीत होतं, कारण मला पेटी मिळाली होती. बसायला जागा नसणं काय असतं हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी तू पुस्तकांच्या बाजूनं का उभी राहिलीस, हे मी तुला कधी नीट विचारलंच नाही. नुसते आकडे सांगत बसलो.

तू आंधळेपणानं उभी नव्हतीस, हेही मान्य करतो. दालनातली बहुतेक पुस्तकं गेली तरी चालतील असं तू स्वतःच कार्यवाहांना म्हणालीस. तुझी पद्धत वेगळी होती. दालनातल्या जुन्या पुस्तकाची दुसरी प्रत बाहेर कुठं मिळते का ते बघायचं. मिळाली की ती विकत घ्यायची, धायरीला माझ्या घरी तुझ्या कपाटात ठेवायची, आणि ग्रंथालयाची प्रत मनातून सोडून द्यायची. त्यासाठी बुधवार पेठेतली जुन्या पुस्तकांची दुकानं. रविवारचे माझे किती तास त्या दुकानांबाहेर स्कूटरवर गेले! तू मांडलेल्या पुस्तकांकडे बघायचीच नाहीस. आत जाऊन, अजून सुतळी न सोडलेला गठ्ठा कुठला, ते विचारायचीस. हवं ते पुस्तक दिसलं की बाजूला ठेवायचीस आणि भलत्याच पुस्तकाची घासाघीस सुरू करायचीस. एकदा तो दुकानदार मला आत बोलावून म्हणाला, "अहो साहेब, तुमच्या ताईंना सांगा, त्या ज्याच्याकडं बघत नाहीत त्याचीच किंमत मी वाढवतो." तू खाली मान घालून हसलीस आणि त्यानं सांगितले तेवढे दिलेस. मग चहा त्याच्याकडचा. दुकानातून बाहेर येताना तुझा चेहरा जसा असायचा तसा मी तुझ्या लग्नातही पाहिला नाही. हे तुझ्या लेकीसमोर, मुक्तासमोर, बोललो नाही, तुला सांगतो.

त्याच दुकानात तुला ती तीन पुस्तकं सापडली. आपल्याच ग्रंथालयाचा शिक्का, कुठंही 'रद्द' मारलेलं नाही. आदल्या वेळी काढलेल्या रद्दीतून ती फुटली होती. तू ती विकत घेतलीस, दुकानदाराकडून पावती घेतलीस आणि वार्षिक सभेत पुस्तकं आणि पावती कार्यवाहांच्या टेबलावर आपटलीस. सभा तुझ्या बाजूनं झाली. ठराव झाला. यापुढं काढलेली पुस्तकं दुकानात जाता कामा नयेत, थेट कागदाच्या लगद्याला जावीत, ठेकेदारानं तसं लिहून द्यावं. आणि सभासदांना विकायचीही नाहीत, म्हणजे संशयच नको. टाळ्या वाजल्या. जिना उतरताना तू मध्येच थांबलीस.

"प्रमोद, मी काय करून बसले रे?"

"नियमानं बरोबर केलंस," मी म्हणालो. मला तेव्हा खरोखर तसंच वाटलं. याआधी टाकलेलं पुस्तक निदान बुधवार पेठेत तरी यायचं. तो रस्ता तू स्वतः बंद केला होतास, तेही चोख कारभारासाठी. आपण दोघं दादांचीच पोरं.

मग तुला नियमातली एक फट सापडली. मोजणीच्या दिवशी जे पुस्तक सभासदाच्या घरी असेल ते मोजणीत येत नाही, म्हणून ते काढताही येत नाही. ज्यांची दुसरी प्रत तुला कधीच सापडली नाही अशी पुस्तकं तू निवडलीस आणि ओळखीच्या सभासदांच्या घरी पोचवलीस. दर कार्डावर दोन. शेवटची आठ आपल्या घरच्या चार कार्डांवर: तुझं, माझं, सुलभाचं आणि मुक्ताचं. आठही मीच स्कूटरवरून धायरीला आणली, कुरकुरत. कुणा सुईणीनं सांगितलेले तिच्या कामाचे अनुभव, विहिरी खणून घेणाऱ्या एका ओव्हरसियरनं पदरच्या पैशानं छापलेल्या आठवणी, विडी कारखान्यातल्या बायकांनी मिळून लिहिलेलं एक पातळसं पुस्तक, अशी. लिहिणाऱ्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती.

तुझा शेवटचा फोन त्याबद्दलच होता. मोजणीचा रविवार होईपर्यंत ती आठ पुस्तकं घरातून हलवायची नाहीत, म्हणालीस. मी म्हणालो, बघू.

"बघू नको. हलवू नको," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्यानंतर दोन दिवसांनी मुक्ताचा फोन आला, की आई उठत नाहीये.

शुक्रवारी, पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी, मी ती आठ पुस्तकं पिशवीत घालून ग्रंथालयात परत केली. मृत्यूच्या दाखल्याची प्रत देऊन तुझं कार्ड बंद करून घेतलं. दादा सांगायचे, गेलेल्या माणसाच्या नावावर कुणाची वस्तू राहू देऊ नये. ते मनात होतं. पण तेवढंच होतं असं म्हणणार नाही. तुझं म्हणणं मला पटलेलं नव्हतं, आणि तू नव्हतीस. तू उत्तर द्यायला नसताना मी वाद जिंकून घेतला. वैद्य बाईंनी पुस्तकं उचलली, माझ्याकडं बघितलं आणि नोंदीची वही पुढं ओढली.

शनिवारी मुक्ता तुझं कपाट आवरायला आली तेव्हा तिनं विचारलं, "मामा, ती आठ पुस्तकं कुठायत?"

"काल देऊन आलो."

"देऊन? उद्या मोजणी आहे."

"माहीत आहे मला."

तिचा आवाज तुझ्यासारखाच खाली जातो, चिडली की. "मामा, आई ऑफिसात मला फोन करायची ना, तर कशी आहेस विचारायच्या आधी, मामाकडं पुस्तकं आहेत ना जाग्यावर, हे विचारायची. मला राग यायचा. आता वाटतं, एकदा तरी म्हणायचं होतं, हो आई, आहेत." तिनं तिचं आणि सुलभाकडून मागून घेतलेलं कार्ड माझ्यापुढं टेबलावर ठेवलं. "ऑफिसात उद्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, सुटी मिळणार नाही. तू जा. आणि तिथं बरोबर कोण, चूक कोण हे बोलत बसू नकोस."

म्हणून रविवारी मी गेलो. अभ्यासिकेची जागा नोंदवायला जिन्यापासून रस्त्यापर्यंत मुलांची रांग होती. मला हवी होती तीच मुलं, ताई. डब्याच्या पिशव्या, पाठीवर सॅक. त्यांच्यातून वाट काढत वर गेलो. रविवारी पुस्तकांची देवघेव बारापर्यंत चालू असते. मी वैद्य बाईंना म्हणालो, "शुक्रवारची आठ पुस्तकं परत हवीत."

"मागच्या दालनात लावलीत. सातव्या कपाटात." त्या कुजबुजल्या, "तिसऱ्यापर्यंत आलेत ते. लवकर."

दालनात गेलो तर ठेकेदाराची माणसं कपाट उघडत होती, एक पुस्तकं काढून थप्पी लावत होता, दुसरा सुतळी बांधत होता. मी सातव्यातून आठही काढून आणली. कार्डं तीन, म्हणजे सहाच पुस्तकं. तुझं कार्ड मी शुक्रवारी बंद केलं होतं. कुठली दोन ठेवायची? तुला विचारावं म्हणून हात खिशातल्या फोनकडं गेला. तो तसाच खिशात राहिला. मी एकही वाचलेलं नव्हतं. वजनानं निवडावं की वर्षानं, काही कळेना. शेवटी सगळ्यांत जीर्ण होती ती सहा वैद्य बाईंपुढं सरकवली. जी दोन जरा धड दिसत होती, सुईणीचं आणि ओव्हरसियरचं, ती हातात राहिली.

कार्यवाह आले. "अहो साळवे, सातव्या कपाटाची पुस्तकं जागेवर ठेवा. मोजणी चालू आहे."

"ही दोन सोडा. बाकी काही म्हणत नाही मी."

"दोन सोडली की पुढच्या वेळी दोनशे सोडावी लागतील. आणि ठराव एवढा घट्ट कुणी करून घेतला ते मी आपल्याला सांगायला नको. अभ्यासिका व्हावी असं आपणच म्हणत होतात ना?"

"होय. अजूनही म्हणतो."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून त्यांनी दोन्ही पुस्तकं माझ्या हातातून घेतली आणि सातव्या कपाटात नेऊन ठेवली. माणूस वाईट नाही, ताई. त्यालाही वीजबिल भरायचं आहे.

देवघेवीला तीन सभासद आले होते. तिघांना विचारलं, ही दोन तुमच्या कार्डावर न्याल का. तिघांचीही कार्डं भरलेली, तूच भरलेली. एक आजोबा म्हणाले, "बाईंनी मला दोन दिलीत, घरात बायको विचारते हे कधी जाणार. तुमची बहीण आली की परत नेईल म्हणून सांगितलंय मी." त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते खुर्चीवर बसले.

आतून "पाचवं झालं" असं ऐकू आलं. दाराशेजारच्या नियमांच्या पाटीपुढं मी उभा राहिलो. इतकी वर्षं तिच्यापुढून गेलो होतो. तिच्यावर लिहिलं होतं, बाहेरगावचा पत्ता असलेल्या नवीन सभासदाला स्थानिक जामीनदार देऊन आणि दुप्पट अनामत भरून तात्काळ कार्ड मिळतं. मी जिन्यात गेलो आणि रांगेतल्या मुलांना सरळ विचारलं, कुणी आत्ता सभासद होईल का, पैसे मी भरतो.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक मुलगा म्हणाला, "काका, ऑफर काय आहे नक्की?" मागचे हसले. दुसऱ्यानं विचारलं, "परीक्षेला आहे का ते पुस्तक?" नाही म्हटल्यावर त्यानं कानात परत वायर घातली. एक मुलगी तेवढी हसली नाही. अश्विनी नाव, परभणीकडची.

"काका, मला जागा पायजे हाय. पुस्तक नको."

"जागा तुला मिळेल. त्यासाठीच हे दालन रिकामं करतायत. त्यातली दोन पुस्तकं आज घरी घेऊन जा, एवढंच."

"वाचायची का नुसती ठेवायची?"

"आज नुसती ने. आज ती इथं नसली पाहिजेत."

"माझा नंबर जाईल ना."

मागच्या मुलाला मी म्हणालो, नंबर धर तिचा. त्यानं मान डोलावली, पण अश्विनी हलेना. "तुमचं काय जातंय त्या पुस्तकांत?" तिनं विचारलं.

मी तिला ताळेबंद सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "माझी बहीण इथं उभ्यानं वाचायची. घरात एकच पेटी होती अभ्यासाला, ती तिनं मला दिली म्हणून. गेल्या आठवड्यात वारली."

अश्विनीनं सॅक खांद्यावर चढवली. "चला," म्हणाली.

अर्ज भरताना तिचा हात भराभर चालत होता, अर्ज भरायची सवय असलेल्या मुलीसारखा. गावचा पत्ता लिहिला, पुण्याच्या पत्त्याच्या जागी 'कॉट बेसिस', म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं, असं लिहून थांबली. "मालक करार देत नाहीत," म्हणाली. वैद्य बाई म्हणाल्या, "म्हणून तर जामीनदार. करा सही, साळवे." अनोळखी माणसाला जामीन राहू नये असं मी ऑफिसात नवीन मुलांना शिकवत आलो. सही केली. आतून "सात उघडा" असा आवाज आला.

आत पोचेपर्यंत दोन्ही पुस्तकं गठ्ठ्यात गेली होती. सुतळीचा फेरा बसला होता.

"आता नाही," कार्यवाह म्हणाले.

वैद्य बाई मागून आल्या होत्या. त्यांनी ठेकेदाराला विचारलं, "या गठ्ठ्याचे नंबर लिहिलेत?"

"बांधून झाला की लिहितो."

"म्हणजे लिहिले नाहीत. नंबर लिहिला नाही म्हणजे मोजणीत आलं नाही. सभासदाची मागणी आहे, सोडा गाठ."

"बाई, एका गठ्ठ्यासाठी..." ठेकेदार म्हणाला, पण त्यानं सुरी घेऊन सुतळी कापली. कार्यवाह खिडकीकडं बघत होते. अश्विनीनं दोन्ही पुस्तकं ओढून काढली, सुईणीच्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर उघडं पडलं, ते तिनं तळहातानं दाबून धरलं.

"कॉटवर ठेवायला जागा नाय," ती म्हणाली. "उशाला घेते." आणि रांगेत गेली. त्या मुलानं नंबर सोडला नव्हता.

साडेबारापर्यंत दालन रिकामं झालं. टेम्पो भरून गेला. रिकामं दालन मोठं दिसतं, ताई, साठ नाही, पंच्याहत्तर खुर्च्या मावतील. तू उभी राहायचीस तो बोळ कुठला हे मला शोधावं लागलं. कपाटांच्या पायांचे ठसे फरशीवर होते, त्यांवरून ओळखलं. तिथं थोडा वेळ उभा राहिलो. तुझं म्हणणं मला पटलं का? निम्मं. तुला निम्मं चालायचं नाही, माहीत आहे. तू असतीस तर आपण जिन्यातच पुन्हा सुरू केलं असतं, आणि मला तेच हवं होतं.

तिजोरी बंद करायच्या आधी वैद्य बाईंकडं मघाशी घाईत राहिलेले पैसे रोख भरले: प्रवेशशुल्क शंभर, दुप्पट अनामत एक हजार, सहा महिन्यांची वर्गणी सहाशे. एकूण सतराशे. पावती अश्विनीच्या नावावर. तीनच महिन्यांची भरा की, मुलगी दोन पुस्तकं परत करेल आणि संपलं, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, सहाच घ्या. परीक्षा झाल्यावर तिला वाचायला वेळ मिळेल.